नकोशा माणसावर प्रीती करण्याची कृती

आधी पत्ता स्पष्ट करतो. आमचं गाव पुसेगाव, हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं. सेवागिरी महाराजांच्या यात्रेचं पुसेगाव वेगळं, ते तिकडे साताऱ्यात. आमच्या या भागात ख्रिस्ती घरं फारच थोडी. शहरातल्या मंडळीत कुणाशी बिनसलं तर माणूस मागच्या बाकावर जाऊन बसतो, फारच झालं तर चर्च बदलतो. इथे ज्याच्याशी अबोला, त्याचंच वावर आपल्या धुऱ्याला लागून असतं. त्याची मोटारही आपल्याच डीपीवर असते. डीपी जळाली की वर्गणीसाठी त्याच्याच दारात उभं राहावं लागतं. टाळता येत नाही अशाच माणसासाठी ही कृती आहे.

लागणारं साहित्य: एक वही आणि एक हंगाम. प्रेम वाटलंच पाहिजे अशी अट नाही. ते नसतं, म्हणून तर कृती.

१. एकच माणूस निवडा. ‘सगळ्या वैऱ्यांवर प्रीती करीन’ असं ठरवणाऱ्याची कुणावरच होत नाही. दरवर्षी नांगराचं एक तास आपल्या बाजूला सरकवणारा चुलतभाऊ घ्या, किंवा प्रत्येक स्वयंपाकाला नाव ठेवणारी सासू घ्या. उपासना संपायच्या आत पाळकसाहेबांच्या कानाला लागणारा मंडळीतला भाऊही चालेल. ज्याने हात उचलला त्याला इथे घेऊ नका, त्याचं खाली सांगतो. निवडलेल्या माणसाने काय केलं ते वहीत लिहा, तो कसा आहे ते लिहू नका. ‘मृगात धुरा कोरला’ हे चालेल, ‘हलकट आहे’ हे चालणार नाही. पहिल्याचा निकाल लागू शकतो, दुसऱ्याचा कधीच लागत नाही.

२. त्याचं नाव घेऊन प्रार्थना करा. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू वैऱ्यावर प्रीती करायला सांगतो, आणि त्याच दमात छळणाऱ्यासाठी प्रार्थना करायला सांगतो. बहुतेक जण इथेच फसवाफसवी करतात. ‘प्रभू, त्याला सुबुद्धी दे’ ही प्रार्थना नव्हे, ती वरच्या कचेरीत केलेली तक्रार आहे. त्याने स्वतःसाठी जे मागितलं असतं ते त्याच्यासाठी मागा. त्याच्या सोयाबीनला चांगला उतारा येवो, पोरीची सोयरीक जमो, म्हातारीचं बीपी आटोक्यात राहो. असं मागायचं तर त्याच्या घरात काय चाललंय हे ठाऊक असावं लागतं. ते ठाऊक करून घेणं हा या पायरीचा अर्धा भाग आहे. अबोल्यात आपण नेमकं तेच विसरलेलो असतो. त्याच्या सोयाबीनवरही तीच येलो मोझॅक पडते आणि त्याच्या डोक्यावरही बँकेचं पीककर्ज असतं. शब्द तोंडातून निघतच नसतील तर नुसतं नाव घ्या आणि आमेन म्हणा. चार आठवडे तेवढंच पुरे.

३. मग हात हलवा. रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात पौल वैऱ्याबद्दल काय वाटू द्यावं ते सांगत नाही. तो भुकेला असेल तर खाऊ घाला, तान्हेला असेल तर पाणी द्या, एवढंच सांगतो. दुसऱ्या महायुद्धात रेडिओवरून ख्रिस्ती धर्म समजावणाऱ्या सी. एस. लुईस यांनीही हाच क्रम धरला होता: प्रेम वाटतं की नाही हे तपासत बसू नका, असल्यासारखं वागू लागा, भावना मागून येते. काम छोटं आणि न मागता केलेलं असावं. मळणीयंत्र आपल्या रानात आलंय, तर ते परत जाण्याआधी ‘दादा, तुमचं पण काढून घ्यायचं का?’ म्हणून विचारा. परतवारीला तो नरसीला नामदेव महाराजांच्या दर्शनाला चालत निघाला असेल, तर दारावरून जाताना पाण्याचा तांब्या पुढे करा. त्याने आपला विश्वास बाटत नाही. दारुड्या मेहुण्याच्या हातात मात्र पैसे ठेवू नका, ताट वाढा. केलेलं काम गावात बोलून दाखवू नका, पाळकसाहेबांनाही नको. त्याला खजील करायचं म्हणून करत असाल तर ते कामच करू नका.

४. घाई करू नका. इथे लक्ष्मीबाई टिळकांकडे बघावं. १० फेब्रुवारी १८९५ ला नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि बायकोचं जग एका दिवसात मोडलं. नवरा मुळातच तापट आणि लहरी, घरातलं उचलून दुसऱ्याला देणारा. लक्ष्मीबाई बहिणीच्या आधाराने पंढरपूरला राहिल्या. पुढे नगरला आल्या, तरी एकदम पंगतीला बसल्या नाहीत. सोवळं पाळलं, खाणंपिणं वेगळं ठेवलं, आणि त्यातली एकेक गाठ आपली आपण सोडवली. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा झाला १९०० मध्ये. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथेत त्यांनी टिळकांचा संताप लपवलेला नाही. त्यावर हसून घेतलं आहे, स्वतःवर त्याहून जास्त. माझ्या मते त्या पुस्तकाइतकं प्रीतीचं व्यवहारी शिक्षण मराठीत दुसरं नाही. आपण काय घ्यायचं? आधी रामराम. मग ओट्यावर बसणं. चहा त्यानंतर. जी पायरी आज जड जाते तिच्या अलीकडे थांबा, पण मागे येऊ नका.

५. आता बोला, पण एकट्यात. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात क्रम दिलाय: आधी दोघांतच, मग एकदोन साक्षीदार, मग मंडळी. गावात उलटं होतं, आधी पारावर, मग भावकीत, शेवटी त्याच्या कानावर. सकाळी धुऱ्यावर गाठा, हॉटेलात नको. विषय एकच काढा: ‘दादा, हे तास मागच्या वर्षी पलीकडं होतं. आपण दोघं मिळून मोजून घेऊ.’ आजोबांच्या वाटणीपर्यंत जाऊ नका.

प्रीती म्हणजे जमीन सोडून देणं नव्हे. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा, जमल्यास खर्च निम्मा निम्मा. तुमचा तुकडा त्याच्याकडे आणि त्याचा तुमच्याकडे किमान बारा वर्षं वहिवाटीत असेल, तर जानेवारी २०२३ मध्ये शासनाने आणलेली सलोखा योजना अजून चालू आहे का, याची तलाठ्याकडे चौकशी करा. तिच्यात अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक शुल्क १,००० रुपये आणि नोंदणी फी १,००० रुपये ठेवली होती. कोर्टात दोन पिढ्या घालवण्यापेक्षा हे किती तरी स्वस्त.

६. मारहाण करणाऱ्याचं. क्षमा करणं वेगळं आणि त्याच छपराखाली परत जाणं वेगळं. मार खाणाऱ्या बाईला ‘सहन कर, प्रभूने पण सोसलं’ असं सांगून परत पाठवणारा माणूस वचनाचा गैरवापर करतो, मग तो कितीही मोठा सेवक असो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने तिला राहत्या घराचा हक्क आणि संरक्षणाचा आदेश मिळू शकतो. तातडीला ११२, महिलांसाठी १८१, लेकरांसाठी १०९८. त्या माणसासाठी प्रार्थना दुरून करा. तीही प्रीतीच आहे.

कृती जमली की नाही हे कसं ओळखायचं? तो गोड बोलू लागला का, हे बघू नका. काही माणसं शेवटपर्यंत बदलत नाहीत. त्याचं सोयाबीन पावसात भिजल्याची बातमी आली आणि तुम्हाला बरं वाटलं नाही, तर जमली. बरं वाटलं तर दुसऱ्या पायरीवर परत या.

सुरुवात उन्हाळ्यात करा. रानं मोकळी असतात, धुरा दिसतो, दोघांनाही बसून बोलायला वेळ असतो. मोजणीचा अर्जही पेरणीच्या बराच आधी द्या, कारण उभ्या पिकात मोजणी अडते.