स्टिअरिंग जड का होते?

बंगळूरच्या उत्तरेस, हैदराबादकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर देवनहळ्ळी हे जुने गाव आहे. टिपू सुलतानाचे हे जन्मस्थान. येथील दगडी किल्ला आजही उभा आहे. २००८ साली गावाजवळ आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला आणि भाड्याच्या मोटारींची वर्दळ वाढली. येथील चालकाला महामार्गाचा सरळ पट्टा, गावातील अरुंद गल्ल्या आणि नंदी टेकडीचा वळणांचा घाट हे तिन्ही रस्ते एकाच दिवसात भेटू शकतात. गाडीचे स्टिअरिंग जड झाले आहे, हे त्याला महामार्गावर सहसा जाणवत नाही. ते जाणवते गल्लीत गाडी मागेपुढे घेताना.

याचे कारण टायरमध्ये आहे. गाडी उभी असताना चाक वळवायचे म्हणजे जमिनीला टेकलेला रबराचा भाग जागच्या जागी घासत फिरवावा लागतो. गाडी चालू लागली की तो भाग सतत बदलत राहतो व घर्षण एकदम कमी होते. म्हणून वेगात वाटणारा हलकेपणा फसवा असतो. घाटात वेग कमी आणि वळण तीव्र. तेथे हातांना वेळेवर चक्र फिरवता आले नाही, तर गाडी आपली बाजू सोडून समोरून येणाऱ्या वाहनाच्या वाटेत जाते.

तपासणीचा आरंभ हवेपासून करावा. पुढच्या टायरांत हवा कमी असेल, तर जमिनीला टेकणारा भाग वाढतो आणि जडपणाही वाढतो. हवा टायर थंड असताना मोजावी. योग्य दाब किती, हे बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराजवळील पट्टीवर छापलेले असते. शोभेसाठी रुंद टायर बसविले असतील, तर तक्रार तेथेच संपण्याचा संभव आहे. इतकी साधी गोष्ट सोडून थेट रॅक बदलण्याचा सल्ला मिळतो, आणि चालकाची बरीच मिळकत त्यात जाते.

हवा बरोबर असूनही जडपणा राहिला, तर मोकळ्या रस्त्यावर हळू वळण घेऊन चक्रावरची पकड किंचित सैल करून पाहावी. पुढच्या चाकाचा वळण्याचा अक्ष थोडा मागे कललेला असतो. कारागीर त्याला कॅस्टर म्हणतात. त्या कलामुळे चाके आपणहून सरळ येतात. चक्र जड असूनही झटकन सरळ येत असेल, तर यांत्रिक भाग बहुधा मोकळे आहेत. साह्य कमी पडत असावे किंवा कॅस्टर वाढला असावा. चक्र सोडले तेथेच राहिले, तर कोठेतरी घर्षण आहे.

ते घर्षण शोधण्यासाठी गाडी सपाट जागी उभी करून मागच्या चाकांना अटकाव द्यावा, पुढची बाजू जॅकने उचलावी आणि भक्कम आधारांवर टेकवावी. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून तिच्याखाली कोणी जाऊ नये. दोन्ही चाके अधांतरी असतानाही चक्र अडखळत असेल, तर टाय रॉडची टोके चाकांपासून सोडवावीत. आता चक्र हलके झाले, तर दोष चाकांकडील बाजूस, म्हणजे बॉल जॉइंटमध्ये किंवा शॉक अॅब्झॉर्बरच्या माथ्यावरील बेअरिंगमध्ये. हे बेअरिंग अडकले की वळवताना स्प्रिंग ताणली जाऊन एकाएकी सुटते, आणि तिचा टणत्कार ऐकू येतो. जडपणा तसाच राहिला, तर रॅक किंवा चालकाकडून खाली येणारा दांडा तपासावा. या दांड्यातील सांधा गंजला, तर चक्राच्या एका फेऱ्यात दोनदा जड व दोनदा हलके असा अनुभव येतो. ही खूण सहसा चुकत नाही. जुन्या गाड्यांत अशा बऱ्याच सांध्यांना ग्रीस भरण्याची सोय असे. आता ते बहुधा बंदच येतात, झिजले की बदलावे लागतात.

साह्याची यंत्रणा दोन प्रकारची असते. १९५१ मध्ये अमेरिकेत क्रायस्लरच्या इम्पीरियल गाडीत तेलाच्या दाबाची यंत्रणा प्रथम विक्रीस आली. तीत तेलाची पातळी, गळती आणि पंप फिरविणारा पट्टा पाहावा. पट्टा सैल असेल, तर पूर्ण वळणावर तो किंचाळतो. तेलात फेस दिसल्यास आत हवा शिरली आहे असे समजावे. दोन्ही बाजूंना सारखाच जडपणा असेल तर संशय पंपावर, एकाच बाजूला असेल तर झडपेवर. दुसऱ्या प्रकारात विजेची मोटर साह्य करते. तेथे धोक्याचा दिवा, फ्यूज आणि बॅटरीचा दाब आधी पाहावा. गाडी लावताना चक्र वारंवार टोकापर्यंत फिरविल्याने मोटर तापते व साह्य तात्पुरते घटते. थोड्या विश्रांतीने ते परत येते. याला बिघाड म्हणता येत नाही.

चालत्या गाडीचे इंजिन बंद पडले, तर साह्य जाऊन चक्र एकदम जड होते. चाकांशी त्याची यांत्रिक जोडणी मात्र तुटत नाही. दोन्ही हातांनी जोर लावून गाडी कडेला घेता येते. त्या घाईत किल्ली काढू नये, कारण किल्लीच्या पद्धतीच्या गाड्यांत तसे केल्यास चक्राला कुलूप लागते.

टाय रॉड सोडून पुन्हा बसविले असतील, तर चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे आणि आधी एखाद्या शांत गल्लीत, मग घाटात गाडी चालवून पाहावी.