एंजिनाचा ताल राखणारा दातेरी पट्टा

पिठाच्या गिरणीत तुम्ही दळण घेऊन गेला असाल. मोटारीच्या चाकावरून जात्याच्या चाकावर गेलेला लांब पट्टा फिरताना तुम्ही पाहिला असेल. कधी कधी तो निसटतो. पीठ पडायचे थांबते, गिरणीवाला मोटार बंद करतो, पट्टा पुन्हा चढवतो आणि दळण सुरू होते. नुकसान काय, तर पाच मिनिटांचा खोळंबा.

आता दुसरी कल्पना करा. धाराशिव जिल्ह्यातील एखाद्या गावाहून रुग्णाला घेऊन एक डीझेल मोटारगाडी सोलापूरला निघाली आहे. तुळजापूर मागे पडले आणि चालत्या गाडीच्या एंजिनातील पट्टा तुटला. क्षणात ‘खडाड्’ असा आवाज होऊन एंजिन बंद पडले. या वेळी नवा पट्टा चढवून भागत नाही. झडपा वाकलेल्या असतात, कधी दट्ट्यालाही तडा गेलेला असतो. पट्ट्याच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च पुढे उभा राहतो. गाडी भाड्याची असेल, तर त्या घराची मिळकतही तितके दिवस थांबते. रुग्णाचे काय होईल, हे तर सांगायलाच नको.

दोन्हीकडे पट्टाच तुटला किंवा निसटला. मग परिणामात एवढा फरक का? हे कळण्यासाठी एंजिनाच्या पोटात शिरावे लागेल.

चार धावा आणि दोन फेरे

डीझेल एंजिनात दट्ट्या सिलिंडरमध्ये खालीवर करतो. पहिल्या धावेत तो खाली येतो आणि उघड्या झडपेतून हवा आत ओढतो. दुसऱ्या धावेत दोन्ही झडपा बंद असतात. दट्ट्या वर जाऊन हवा दाबतो. तिसऱ्या धावेच्या सुमारास या हवेत डीझेलचा फवारा उडतो, ते पेटते आणि दट्ट्या जोराने खाली ढकलला जातो. चौथ्या धावेत दुसरी झडप उघडते आणि जळलेला वायू बाहेर जातो.

पेट्रोल एंजिनाप्रमाणे येथे ठिणगी नसते. सायकलच्या पंपाने हवा भरताना पंपाचे खालचे टोक गरम होते, हे तुम्हांला ठाऊक आहे. डीझेल एंजिनात हवा एवढी दाबली जाते, की तिचे तापमान ५०० अंश सेल्सियसच्या वर जाते. त्या उष्णतेनेच डीझेल पेट घेते. रुडॉल्फ डीझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे असे एंजिन यशस्वीपणे चालवून दाखवले.

दट्ट्याच्या चार धावा म्हणजे भुजादंडाचे, अर्थात क्रँकचे, दोन फेरे. तेवढ्या वेळात प्रत्येक झडप एकदाच उघडायची असते. झडपा उघडण्याचे काम कॅमदंडावरील उंचवटे करतात. म्हणून क्रँकचे दोन फेरे होताना कॅमदंडाचा नेमका एकच फेरा व्हायला हवा. कधी पावणेदोन, कधी सव्वादोन असे झाले, की सारा ताल बिघडलाच.

सपाट पट्टा का चालत नाही?

गिरणीचा सपाट पट्टा घर्षणाच्या जोरावर चालतो. तो थोडा थोडा घसरत असतो. जात्याचे फेरे शंभरात एखाददुसऱ्याने कमी झाले, तर पिठाला काही फरक पडत नाही. एंजिनात मात्र एक फेराही चुकून चालत नाही.

शेतातील विहिरीवरची जुनी डीझेल एंजिने तुम्ही ऐकली असतील. पुण्याजवळ खडकी येथे १९४६ मध्ये सुरू झालेल्या किर्लोस्कर ऑइल एंजिन्सची अशी एंजिने महाराष्ट्रभर पोचली. त्यांत क्रँक आणि कॅमदंड जवळजवळ असल्याने त्यांना दातेरी चाकेच जोडतात. मोटारगाडीच्या बऱ्याच एंजिनांत मात्र कॅमदंड अगदी वर, झडपांच्या डोक्यावर असतो आणि क्रँक तळाशी. एवढे अंतर दातेरी चाकांनी जोडायचे तर चाकांची रांगच लागेल. त्याऐवजी साखळी किंवा आतून दात असलेला रबरी पट्टा वापरतात. पट्टा हलका असतो, आवाज कमी करतो आणि त्याला वंगणही लागत नाही.

या दातेरी पट्ट्याची जन्मकथा गमतीची आहे. १९४० च्या दशकात अमेरिकेत तो तयार झाला तो मोटारीसाठी नव्हे, तर शिवणयंत्रासाठी! तेथेही सुई आणि खालची दोऱ्याची फिरकी यांचा ताल जुळावा लागतो. जर्मनीच्या ग्लास कंपनीने १९६० च्या दशकाच्या आरंभी आपल्या लहान मोटारगाडीत तो कॅमदंडासाठी वापरला. १९७६ मध्ये फोक्सवॅगनची गोल्फ ही डीझेल गाडी अशाच पट्ट्यावर धावू लागली. आपल्याकडे पुण्यात बनलेली टाटा इंडिका डिसेंबर १९९८ मध्ये लोकांपुढे आली. तिच्या डीझेल एंजिनातही असाच पट्टा होता. २०१८ मध्ये तिचे उत्पादन थांबले.

जागा एक, दावेदार दोन

आता थोडे गणित करू. इंडिकाच्या त्या डीझेल एंजिनात चार सिलिंडर होते. सिलिंडरचा व्यास ७५ मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ७९.५ मिलिमीटर. वृत्तचितीचे सूत्र वापरून चार सिलिंडरांचे घनफळ काढा. ते १४०५ घनसेंटिमीटर येईल.

हे एंजिन आत घेतलेली हवा सुमारे २२ पट दाबत असे. म्हणजे दट्ट्या अगदी वर गेला, की हवेला मूळ जागेच्या बाविसावा भागच उरतो. उरलेल्या जागेची उंची ‘क्ष’ मानली, तर

(७९.५ + क्ष) ÷ क्ष = २२

यावरून क्ष येतो जेमतेम ३.८ मिलिमीटर. यातलीही बरीच जागा डीझेल पेटण्यासाठी वरच्या बाजूस केलेल्या छोट्या कप्प्यात असते. म्हणजे दट्ट्याच्या थेट डोक्यावरचे अंतर याहूनही कमी. उलट, उघडलेली झडप साधारणपणे आठ-नऊ मिलिमीटर खाली येते.

पाहा, जागा एकच आणि दावेदार दोन! झडप आली असेल तेव्हा दट्ट्या दूर असावा आणि दट्ट्या वर येईल तेव्हा झडप मिटलेली असावी, हा करार पट्टा पाळतो. पट्टा तुटला, की कॅमदंड लगेच थांबतो. काही झडपा उघड्याच राहतात. क्रँक मात्र थांबत नाही, कारण जड गतिचक्राचा वेग आणि गिअरमध्ये असलेली चालती गाडी त्याला फिरवतच राहतात. दट्ट्या वर येतो आणि उघड्या झडपेवर आदळतो.

म्हणून अशा वेळी पुन्हा पुन्हा सेल्फ मारणे किंवा गाडीला धक्का देऊन ती सुरू करू पाहणे म्हणजे वाकलेल्या झडपांवर आणखी घाव घालणे होय. गाडी न्यूट्रलमध्येच ठेवून ओढून न्यावी.

पट्टा थकतो कसा?

समजा, ताशी ६० किलोमीटर वेगाने जाताना एंजिन मिनिटाला २००० फेरे घेते. तुळजापूर ते सोलापूर हे अंतर सुमारे ४५ किलोमीटर. म्हणजे ४५ मिनिटांत क्रँकचे ९०,००० फेरे आणि प्रत्येक झडपेची ४५,००० वेळा उघडझाप. याच हिशेबाने ६०,००० किलोमीटरमध्ये क्रँकचे १२ कोटी फेरे होतात. क्रँकच्या चाकाला २० आणि पट्ट्याला १२० दात धरले, तर सहा फेऱ्यांत पट्टा एक प्रदक्षिणा करतो. म्हणजे २ कोटी प्रदक्षिणा! प्रत्येक प्रदक्षिणेत तो प्रत्येक चाकावर वाकतो आणि पुन्हा सरळ होतो.

पट्ट्याचे अंग रबराचे असले, तरी ताण पेलतात ते आतले काचतंतूंचे दोरे. दातांवर नायलॉनचे कापड असते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने रबर कडक होते. गळणाऱ्या तेलाने ते फुगते आणि मऊ पडते. झाकण फुटलेले असेल, तर धूळ व खडे आत शिरतात. बालाघाटच्या पठारावरील कडक उन्हाळा आणि काळ्या मातीच्या वाटा ध्यानात घेता आपल्या भागात तर झाकण शाबूत ठेवणे फार महत्त्वाचे.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवा. आतले दोरे तुटू लागले, तरी पट्टा बाहेरून चांगला दिसू शकतो. म्हणून ‘दिसतो चांगला, चालू द्या’ हा विचार घातक ठरतो. गाडीच्या पुस्तिकेत पट्टा बदलण्याची मुदत किलोमीटर आणि वर्षे अशा दोन्ही मापांत दिलेली असेल, तर जी आधी संपेल ती पाळायची. ही मुदत प्रत्येक एंजिनाची वेगळी असते. शेजाऱ्याच्या गाडीची मुदत आपल्या गाडीला लावू नये.

मिस्त्री पट्टा कसा बदलतो?

हे काम तुम्ही स्वतः करायचे नाही. पण गॅरेजमध्ये उभे राहून पाहण्याची संधी मिळाली, तर प्रत्येक कृतीमागचे कारण ओळखा.

१. एंजिन पूर्ण थंड होऊ देतात, बॅटरीची ऋण तार काढतात आणि चाकांना दगड लावतात. कामात हात असताना एंजिन चुकूनही फिरता कामा नये.

२. बाहेरचे पट्टे, क्रँकची पुली आणि झाकणे काढली, की दातेरी पट्टा दिसतो.

३. क्रँकच्या बोल्टला पाना लावून एंजिन हाताने, त्याच्या नेहमीच्या दिशेनेच, फिरवतात. पहिल्या सिलिंडरचा दट्ट्या वर आणून चाकांवरील खुणा एंजिनावरील खुणांशी जुळवतात. अनेक एंजिनांत चाके हलू नयेत म्हणून खिळी घालण्यासाठी भोके असतात.

उलट दिशेने का फिरवत नाहीत? क्रँक नेहमीच्या दिशेने फिरताना पट्ट्याची एक बाजू ताणलेली व दुसरी सैल असते. ताण देणारे चाक, म्हणजे टेन्शनर, सैल बाजूवर असते. उलट फिरवले, की सगळा ओढा त्याच्यावर येतो, ते दबते आणि पट्टा दात सोडू शकतो.

४. टेन्शनर सैल करून जुना पट्टा काढतात. आता क्रँक आणि कॅमदंड यांतला करार तुटलेला असतो. यांपैकी कोणालाही एकट्याला फिरवायचे नाही.

५. टेन्शनर व मधली चाके बोटाने फिरवून पाहतात. खरखर किंवा डगमग असेल, तर ती बदलतात. पाण्याचा पंप याच पट्ट्यावर असेल आणि तेलाचे सील गळत असेल, तर त्यांचीही दुरुस्ती याच वेळी करतात. जुन्या चाकाने नवा पट्टा खाल्ला, तर केलेला खर्च पाण्यात जातो.

६. नवा पट्टा बाणाच्या दिशेने चढवतात. तो घडी घालून मोडत नाहीत, स्क्रूड्रायव्हरने रेटत नाहीत. आतले काचतंतू तुटतील. क्रँकच्या चाकापासून सुरुवात करून ताणलेली बाजू घट्ट ठेवतात आणि उरलेला सैलपणा टेन्शनरच्या बाजूला आणतात. पुस्तिकेत दिल्याप्रमाणे ताण देतात. ताण कमी पडला तर पट्टा दात सोडतो, जास्त झाला तर पट्टा आणि बेअरिंगे लवकर झिजतात.

७. घातलेल्या खिळी आठवणीने काढून क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवतात. खुणा पुन्हा जुळल्या, तर काम बरोबर. मध्येच कोठे अडले, तर जोर लावायचा नाही; कदाचित दट्ट्या झडपेला टेकला असेल. हाताने फिरवताना अडले तर झडप वाचते. सेल्फने फिरवले असते, तर वाकली असती.

एका दाताची चूक म्हणजे किती? क्रँकच्या चाकाला २० दात असतील, तर ३६० ÷ २० = १८ अंश. डीझेलचा पंपही याच पट्ट्यावर ताल धरत असेल आणि त्याचा एक दात चुकला, तर फवारा तेवढाच लवकर किंवा उशिरा उडतो. मग एंजिन धूर ओकते, ठोके देते किंवा सुरूच होत नाही. नव्या कॉमन रेल एंजिनांत फवाऱ्याची वेळ विजेचे नियंत्रक ठरवते. पण झडपांचा करार बऱ्याच गाड्यांत आजही पट्ट्यावरच अवलंबून असतो.

करून पहा

दोन रिकामी रिळे घ्या, एक लहान व एक मोठे. फळीवर खिळे ठोकून ती बसवा. दोन्हींवर रबरबँड चढवा आणि प्रत्येकावर खडूने खूण करा. लहान रीळ सावकाश २० वेळा फिरवा. मोठ्या रिळाला बोटाने हलका अटकाव करून पुन्हा २० वेळा फिरवा. मोठ्या रिळाची खूण दोन्ही वेळा एकाच जागी थांबते का? आता उभ्या सायकलच्या पायडलचे व मागचे दातेरी चाक यांवर खुणा करून हाच प्रयोग मागचा ब्रेक हलका दाबून करा. फरक वहीत लिहून ठेवा. साखळीत बोट अडकणार नाही, याची काळजी घ्या.

सोडवून पहा

१. क्रँकच्या चाकाला २४ दात असतील, तर एका दाताची चूक किती अंशांची?

२. क्रँकला २०, कॅमदंडाला ४० आणि पट्ट्याला १२० दात आहेत. चाकांवर आणि पट्ट्यावर रंगाच्या खुणा केल्या. क्रँकच्या दोन फेऱ्यांनंतर चाकांच्या खुणा जुळल्या, पण पट्ट्याच्या जुळल्या नाहीत. मिस्त्री चुकला का? पट्ट्याच्याही खुणा किती फेऱ्यांनी जुळतील?

३. पट्ट्याला १२० ऐवजी १२१ दात असते तर?

उत्तरे : १) १५ अंश. २) मिस्त्री चुकला नाही, दोन फेऱ्यांत पट्टा ४० दातच पुढे सरकतो. ६ फेऱ्यांनी साऱ्या खुणा जुळतील. ३) ४० आणि १२१ यांचा लसावि ४८४०; म्हणून ४८४० ÷ २० = २४२ फेऱ्यांनी. पट्ट्याचा तोच तो दात चाकाच्या त्याच खाचेत वारंवार न आल्याने झीज सगळीकडे सारखी वाटली जाते. शाळेत लसावि शिकलात, तेव्हा तो एंजिनात भेटेल असे वाटले होते का?