सांडपाण्याची परीक्षा : प्रकाशाच्या साहाय्याने

साखर कारखान्याचे किंवा आसवनीचे सांडपाणी नदीत मिसळले की त्यातील सेंद्रिय द्रव्ये कुजू लागतात आणि पाण्यात विरघळलेला प्राणवायू खर्ची पडतो. अशा वेळी मासे मरतात ते पुष्कळदा विषाने नव्हे, तर गुदमरून. म्हणून सांडपाण्याची ‘रासायनिक प्राणवायू-मागणी’, म्हणजेच कार्यालयीन कागदपत्रांतील ‘सीओडी’, आधीच मोजावी लागते. नद्या-नाल्यांत सोडावयाच्या सांडपाण्यासाठी पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ अन्वये तिची सर्वसाधारण मर्यादा लिटरमागे २५० मिलिग्रॅम आहे.

मोजण्याची रूढ रीत मात्र त्रासाची आहे. पाण्याचा नमुना पोटॅशियम डायक्रोमेट व तीव्र गंधकाम्लासह सुमारे १५० अंश सेल्सिअस तापमानास दोन तास तापवितात. त्यात चांदीचे व पाऱ्याचे सल्फेटही घालतात. परीक्षेअंती क्रोमियम व पारायुक्त द्राव शिल्लक राहतो. प्रदूषण मोजण्यासाठीच विष निर्माण करावे लागावे, हा विपर्यासच म्हटला पाहिजे.

द्रावणात बुडविलेल्या पत्र्यांवर प्रकाश पडला असता वीज निर्माण होते, हे एडमंड बेकेरेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८३९ साली दाखविले होते. पुढे १९७२ मध्ये फुजिशिमा व होंडा या जपानी संशोधकांनी टिटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश टाकून पाण्याचे विघटन घडविले. हा पदार्थ दुर्मीळ नाही. पांढऱ्या रंगात तोच असतो. ऑस्ट्रेलियातील ग्रिफिथ विद्यापीठाच्या हुइजुन झाओ व सहकाऱ्यांनी २००४ साली त्याच्याच आधारे प्राणवायू-मागणी मोजण्याची रीत प्रसिद्ध केली.

या संवेदकात टिटॅनियम डायऑक्साइडचा पातळ थर दिलेली विद्युतपट्टी असते. तिच्यावर अतिनील किरण पडताच थरातील इलेक्ट्रॉन आपली जागा सोडतात. मागे राहिलेली रिक्त जागा इलेक्ट्रॉनसाठी इतकी आसुसलेली असते, की ती भोवतालच्या सेंद्रिय रेणूंपासून ते हिरावून घेते. रेणूंचे ज्वलन होते, पण ज्योतीवाचून. आणि सुटलेले इलेक्ट्रॉन तारेतून प्रवाहरूपाने मोजता येतात. नमुन्याचा थर अगदी पातळ ठेवल्याने त्यातील द्रव्य काही मिनिटांतच संपते. कोऱ्या द्रावणाचा विद्युतभार वजा केला की उरतो तो सेंद्रिय द्रव्याचा. प्राणवायूच्या एका रेणूचे काम चार इलेक्ट्रॉन करतात. त्या हिशेबाने १ कूलोंब विद्युतभार म्हणजे सुमारे ०.०८३ मिलिग्रॅम प्राणवायू. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांकडून शिक्षकांनी हे गणित फॅराडेच्या नियमावरून अवश्य सोडवून घ्यावे.

या रीतीला मर्यादाही आहेत. आसवनीचे सांडपाणी पुष्कळ पातळ करून घ्यावे लागते. गाळ आधी गाळून काढावा लागतो; त्यामुळे गाळातील द्रव्य मोजणीतून सुटते. क्लोराइड फार असल्यास आकडा फसवा येतो. शिवाय ही परीक्षा सेंद्रिय भार सांगते, रोगजंतू किंवा नायट्रेट नव्हे. पिण्याच्या विहिरीच्या पाण्यासाठी त्या तपासण्या वेगळ्या कराव्याच लागतात.