चाकं मिटवणं सोपं, उघडी ठेवणं अवघड

मोठ्या रेडिओ कंट्रोल विमानाची चाकं टेबलावर सुळकन मिटतात आणि उघडतात, तेव्हा बघणारे खूष होतात. बांधणाराही होतो. पण तेवढ्यावर मी कुणाच्या रिट्रॅक्टला, म्हणजे चाकं मिटवणाऱ्या यंत्रणेला, चांगलं म्हणत नाही. विमान उलटं ठेवायला सांगतो, उघडलेलं चाक मुठीत धरतो आणि आत-बाहेर, पुढे-मागे रेटून बघतो. बिजागरीपाशी ‘टक्’ असा आवाज आला की समजायचं, अजून काम बाकी आहे.

ही सवय लागायला एक स्पिटफायर कारणीभूत आहे. आमच्या गटातल्या एका मित्राने ते एक-पंचमांश मापात बांधलं होतं. पंखांचा विस्तार सव्वादोन मीटर, वजन बारा किलोच्या घरात. पावसाळा नुकताच संपला होता, मुरमाची धावपट्टी दाबून घेतलेली होती, वारा डावीकडून आडवा वाहत होता. उतरताना वेग बरोबर होता, उंची बरोबर होती. डावं चाक आधी टेकलं, विमान जरासं उजवीकडे सरकलं आणि डावा पाय शांतपणे बाहेरच्या बाजूला मिटून गेला. पंखाचं टोक घासलं, विमान गरकन फिरलं, प्रोपेलरचे तुकडे झाले. पंखाच्या आत चार रिबा गेल्या होत्या, ते घरी आल्यावर कळलं.

सगळ्यांनी वाऱ्याला दोष दिला. मी त्या पायाचं रिट्रॅक्ट युनिट मागून घेतलं आणि आमच्या टूलरूममध्ये उघडलं. या प्रकारच्या युनिटमध्ये बाजूच्या पट्ट्यांत एक खाच असते. खाच बरीचशी सरळ, फक्त टोकाला आडवं वळण. पिस्टन किंवा स्क्रू एका पिनला खाचेतून ढकलत नेतो. पिन त्या वळणात शिरली की पाय अडकतो, आणि जमिनीचा जोर पिस्टनवर न येता खाचेच्या भिंतीवर येतो. कल्पना उत्तम आहे. पण इथे पट्टी ॲल्युमिनियमची होती आणि पिन कडक पोलादाची. भिंगातून पाहिलं तर वळणाचा कोपरा चेचून गोल झाला होता आणि शेजारी नखाला जेमतेम लागेल अशी चकचकीत पायरी तयार झाली होती. प्रत्येक उतरण्यात पिनने थोडा थोडा धातू ढकलला होता. शेवटी तिला अडवायला भिंतच उरली नव्हती. टेबलावर मात्र ते युनिट अगदी त्या दिवशी सकाळपर्यंत बिनचूक चाललं होतं, कारण टेबलावर चाकाला कुणी ढकलत नाही.

तेव्हापासून रिट्रॅक्टचं डिझाइन करणाऱ्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट आधी सांगतो: मिटण्याचा विचार नंतर करा. चाक उघडं, कुलूप लागलेलं आणि जमीन त्याला वाटेल त्या दिशेने ढकलते आहे, तिथून कागदावर सुरुवात करा.

त्या कागदावरचा पहिला आकडा तरफेचा. बिजागरीपासून चाकाच्या टेकण्यापर्यंत २५ सेंटिमीटर आणि बिजागरीपासून कुलपाच्या पिनपर्यंत १५ मिलिमीटर, असं समजा. गुणोत्तर जवळपास सतरापट. चाकाला बाजूने १० किलोचा रेटा बसला तर पिनवर १६७ किलो येतात. हेच अंतर २५ मिलिमीटर केलं तर १०० किलो. म्हणजे नुसतं एक सेंटिमीटर मिळवलं तर पिनचा भार चाळीस टक्क्यांनी उतरतो. ढिलेपणाचा हिशोबही तोच: पिनपाशी ०.१ मिलिमीटर प्ले म्हणजे चाकापाशी पावणेदोन मिलिमीटर, आणि प्ले असलेला जोड दाब सोसत नाही, घाव सोसतो. एवढ्या आकाराच्या स्पिटफायरचा पंख मुळाशी जेमतेम साडेसहा सेंटिमीटर जाड असतो, त्यातून वरखालचं शीटिंग वजा जातं. जागा नाही ही तक्रार खरी आहे. तरीही त्या सेंटिमीटरसाठी भांडा. मोटर लहान करा, युनिट लांब करा, पण कुलपाचा हात आखूड ठेवू नका.

जोर कुठल्या दिशेने येणार हे विमानानुसार बदलतं आणि तेही आधीच ठरवता येतं. स्पिटफायर आणि बीएफ १०९ यांचे पाय बाहेर मिटतात, चाकं बिजागरीच्या बाहेरच्या बाजूला टेकतात, त्यामुळे सरळ उतरलं तरी वजनाचा थोडा भाग पाय मिटवायलाच बघतो. विमान आडवं सरकलं की दोनपैकी एका पायावर हा रेटा वाढतो. मित्राच्या विमानात तो डावा होता. मस्टँग आणि हरिकेनचे पाय आत मिटतात, चाकांमधलं अंतर मोठं असतं. खऱ्या मस्टँगमध्ये ते ३.६ मीटर आहे, स्पिटफायरमध्ये १.७४. एक-पंचमांश मापात स्पिटफायरला उभं राहायला ३५ सेंटिमीटर मिळतात, एवढंच. पी-४० आणि कोर्सेअर यांचे पाय मागे मिटतात, मिटताना जवळजवळ ९० अंशांत स्वतःभोवती फिरतात, म्हणजे चाक पंखात आडवं झोपावं. त्यांच्या बाबतीत गवताचा, मुरमाचा, ब्रेकचा प्रत्येक ओढा कुलपावरच येतो. थंडरबोल्टची तऱ्हा आणखी वेगळी: प्रोपेलर मोठा म्हणून पाय लांब हवेत आणि पंखात जागा नाही, म्हणून खऱ्या विमानात पाय मिटताना ९ इंचांनी आखूड होत. पहिल्याच मोठ्या विमानासाठी कुणी विचारलं तर मी हरिकेन सुचवतो. १९४४ मध्ये इंफाळच्या लढाईत अर्जनसिंग यांच्या नेतृत्वाखाली आपल्या हवाई दलाच्या क्रमांक एकच्या स्क्वाड्रनने तेच वापरलं होतं, त्यामुळे रंगसंगतीसाठी परदेशी स्क्वाड्रन शोधायची गरजही नाही.

आता उभा धक्का. इथे आकडे फार बोलके आहेत आणि कुणालाही तोंडी करता येतात. विमान सेकंदाला एक मीटर या वेगाने खाली येतंय आणि पायाच्या स्प्रिंगला २० मिलिमीटर दबायला वाव आहे, तर सरासरी धक्का वजनाच्या अडीचपट. स्प्रिंगचा जोर शेवटाकडे वाढतो, म्हणून पाचपट धरा. बारा किलोच्या विमानाला साठ किलो, दोन पायांत वाटून तीस-तीस, आणि एकच चाक टेकलं तर साठच्या साठ त्याच्यावर. आता स्प्रिंग नाही, नुसता भरीव पाय आहे आणि सगळं मिळून दोन मिलिमीटर लवतंय असं समजा. सरासरीच पंचवीसपट होते. तीनशे किलो! पंखात युनिट धरणारा बर्च प्लायचा कुठलाही रेल असा भार फार दिवस सोसत नाही. म्हणून स्प्रिंग असलेला पाय ही मोठ्या विमानात हौस नाही, गरज आहे. शिवाय स्प्रिंग नुसती घेऊ नका. तिने घेतलेला धक्का ती परत देते, विमान उसळतं आणि अरुंद चाकांवर दुसऱ्यांदा पडतं तेव्हा सरळ पडेलच असं नाही. पायात घट्ट ग्रीस किंवा हवा अडवणारं बारीक भोक ठेवलं की उसळी बरीच मरते.

धावपट्टीचं माप आपल्या मापात बदलत नाही, हे कायम ध्यानात ठेवा. पाच सेंटिमीटर वाढलेलं गवत आपल्याला बारीक वाटतं; एक-पंचमांश विमानासाठी ते वीतभराहून उंच आहे आणि चाकाचा व्यास पाच इंच. मुरमातला खडा म्हणजे धोंडा. मागे ओढणारा जोर म्हणूनच खऱ्या विमानापेक्षा आपल्या विमानात वजनाच्या मानाने जास्त असतो. चाकाला १५ किलोचा ओढा बसला आणि पाय २५ सेंटिमीटर असला, तर ८ मिलिमीटरच्या भरीव दांड्यावरचा ताण ७०० मेगापास्कलच्या वर जातो. १० मिलिमीटर घेतला तर तोच ३७५ वर येतो, कारण वाकण्याविरुद्धची ताकद व्यासाच्या घनाने वाढते. दोन मिलिमीटरमध्ये ताकद जवळपास दुप्पट. वजन वाचवायचं तर इतर कुठेही वाचवा.

इथे बरेच जण विचारतात की मग दांडा टणक करून घेऊ का? माझं उत्तर ठामपणे ‘नाही’ असं आहे. बिजागरीची पिन आणि कुलपाची पिन टणक हवी, खाचेत पोलादाचा तुकडा बसवलेला हवा. पण पायाचा दांडा साध्या ईएन-८ चा, हार्डनिंग न केलेला असू द्या. वाईट उतरण्यात काहीतरी जाणारच असतं. काय जायचं ते तुम्ही ठरवलं नाहीत, तर विमान ठरवतं, आणि ते बहुतेक वेळा स्पार, म्हणजे पंखाचा कणाच निवडतं. आधी दांडा वाकावा, त्यानंतर रेलचे स्क्रू उपटावेत, स्पारपर्यंत काही पोहोचू नये, असा क्रम लावा. वाकलेला दांडा भोसरीतला कुठलाही टर्नर एका दिवसात नवा करून देतो. तुटलेला स्पार जोडायला हिवाळ्याचा सगळा उडवायचा मोसम जातो. दांडा ट्रुनियनमध्ये, म्हणजे बिजागरीवर फिरणाऱ्या ठोकळ्यात, बसवताना नुसत्या ग्रब स्क्रूवर भिस्त ठेवू नका. गोल दांड्यावर तो स्क्रू सरकतो, चाक तिरकं होतं आणि विमान धावताना एका बाजूला ओढतं. दांड्यावर कानसून सपाट जागा करा, स्क्रू तिथे बसवा, लॉकटाइटचा थेंब द्या.

हे सगळं झाल्यावर मिटण्याकडे वळा. खऱ्या स्पिटफायरची बिजागरी मुख्य स्पारच्या मागच्या बाजूला आहे. उघडलेला पाय तिथून पुढे झुकतो आणि मिटल्यावर स्पारच्या मागे झोपतो. सरळ, धडाच्या समांतर बिजागरीने हे कधीच होत नाही. आस तिरका लावावा लागतो. संगणकावर काढा, पण कापण्याआधी पुठ्ठ्याचा पंख आणि तारेचा पाय करून हाताने फिरवून बघा. २५ सेंटिमीटरच्या पायाला आसाची एक अंशाची चूक चाकापाशी साडेचार मिलिमीटर होते, आणि मिटलेल्या चाकाच्या वर तेवढी मोकळी जागाच नसते. चाकाबरोबर गुरुत्वमध्यही हलतो. पायांचं हलणारं वजन ८०० ग्रॅम असेल आणि ते मागे १५ सेंटिमीटर जात असेल, तर बारा किलोच्या विमानाचा गुरुत्वमध्य एक सेंटिमीटर मागे सरकतो. पी-४० किंवा कोर्सेअर बांधणाऱ्यांनी तोल चाकं मिटवून बघावा. उघड्या चाकांवर काढलेला तोल उड्डाणात खोटा ठरतो.

हवेवर चालणारं घ्यावं की विजेवर, यावर आमच्याकडे तासन्‌तास वाद होतात. माझा कल विजेकडे आहे. स्क्रू-नटची रचना स्वतःच अडकून राहते, गळती नाही, पंप नाही. पण तिची एक खोड ओळखून असा: करंट वाढला की कंट्रोलर समजतो पाय टोकाला पोहोचला, आणि मोटर बंद करतो. वाटेत दार घासलं, बॅटरी उतरली किंवा हवेचा दाब जास्त आला, तरी तो तसंच समजतो आणि पाय अर्ध्यावर थांबतो. म्हणून रिट्रॅक्टला वेगळी बॅटरी द्या आणि चाकं वेग कमी करूनच उघडा. वेग दीडपट झाला तर हवेचा जोर सव्वादोनपट होतो. हवेवरचं युनिट घेतलंत तर उघडण्यासाठी स्प्रिंग आणि मिटण्यासाठी हवा, असंच घ्या. नळी सुटली तरी पाय खाली येतात.

चाचणीसाठी महागडं काही लागत नाही. युनिट रेलसकट व्हाइसमध्ये धरा, चाकाच्या आसाला स्प्रिंग बॅलन्स अडकवा आणि चारी दिशांनी १० किलोपर्यंत ओढा. डायल गेज असेल तर ओढण्याआधी आणि नंतर प्ले मोजून वहीत लिहा. मग दोन्ही पाय एका फळीवर बसवा, फळीवर विमानाच्या वजनाइतक्या वाळूच्या पिशव्या बांधा आणि चाकं जमिनीपासून पाच सेंटिमीटर उचलून सोडा. पाच सेंटिमीटरवरून पडलेली वस्तू सेकंदाला एक मीटर वेगाने टेकते, म्हणजे वर धरलेलाच हिशोब. पुन्हा प्ले मोजा. फळी तिरकी धरून एका चाकावरही सोडा. ज्याला हे करवत नाही त्याने ते युनिट पंखात बसवू नये.

पहिलं उड्डाण चाकं खाली ठेवूनच करा. ५ मार्च १९३६ ला ईस्टली इथे मट समर्सनी के ५०५४ हे पहिलं स्पिटफायर उडवलं, तेव्हाही चाकं खालीच कुलूपबंद होती. विमान हातात बसलं की मग उंचीवर जाऊन मिटवा-उघडा, आणि एखाद्याला जमिनीवरून दुर्बिणीने बघायला सांगा. वजनाचं भानही राहू द्या: आपल्या ड्रोन नियमांत हौशी मॉडेल म्हणून २५ किलोपर्यंतच मुभा आहे, आणि पोलादी पाय, टाकी, जादा बॅटरी करत करत एक-चतुर्थांश मापाचं विमान त्या रेषेकडे लवकर सरकतं.

मोसमात दर महिन्याला युनिट पंखातून बाहेर काढून खाचेचा कोपरा भिंगाखाली बघा, वहीतला प्ले ताडून बघा. तो पहिल्या आकड्याच्या दुप्पट झाला असेल तर पिन आणि पोलादी तुकडा दोन्ही बदला. नुसती पिन बदलली तर जुन्या खाचेत नवी पिन आठवडाभरात तशीच होते.