उष्णतेच्या प्रकाशात दिसलेली अलकनंदा

(इयत्ता सहावी व सातवीच्या सामान्य विज्ञानास पूरक पाठ)

पाठाचा हेतू

वैशाखात चांदवडच्या डोंगरावरील काळा कातळ दिवसभर तापतो. सूर्य मावळतो, अंधार पडतो, कातळ दिसेनासा होतो. तरीही जवळून जाणाऱ्याच्या अंगास त्याची धग लागते. हा अनुभव तालुक्यातील बहुतेक मुलांस असतो. परंतु या धगीबरोबर डोळ्यांना न दिसणारा एक प्रकारचा प्रकाशच आपल्यापर्यंत येत असतो, हे त्यांस ठाऊक नसते. या प्रकाशास अवरक्त किरण म्हणतात. याच किरणांच्या साहाय्याने पुण्यातील दोन संशोधकांनी एका अतिदूरच्या दीर्घिकेचा शोध लावला व तो २०२५ साली प्रसिद्ध केला. जे दिसत नाही ते नाही असे मानू नये, आणि मोठे शोध केवळ परदेशातच लागतात असेही मानू नये, या दोन गोष्टी विद्यार्थ्यांच्या मनावर ठसविणे हा या पाठाचा हेतू आहे.

वर्गातील प्रयोग

प्रयोग पहिला : शिक्षकांनी एक लोखंडी तवा तापवून उभा धरावा. तो लाल होईपर्यंत तापवू नये. विद्यार्थ्याने तव्याच्या वर नव्हे, तर समोर, वीतभर अंतरावर तळहात धरावा. कारण वर हात धरल्यास तापून वर चढणारी हवाही हातास लागते. ऊब जाणवल्यावर मध्ये पुठ्ठा धरावा. ऊब तत्काळ थांबते व पुठ्ठा काढताच पुन्हा जाणवते. यावरून तव्यापासून काहीतरी सरळ रेषेत येते व ते अडविता येते, हे विद्यार्थी स्वतःच सांगू शकतील.

प्रयोग दुसरा : दूरचित्रवाणीच्या रिमोटचे टोक डोळ्यांसमोर धरून कळ दाबावी. काहीच दिसत नाही. आता तेच टोक मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहावे. ठिपका लुकलुकताना दिसतो. काही मोबाइलच्या मागील कॅमेऱ्यास अवरक्त किरण अडविणारी गाळणी असते. अशा वेळी पुढील कॅमेरा वापरावा.

या किरणांचा शोध विल्यम हर्शेल यांनी १८०० साली इंग्लंडमध्ये लावला. लोलकातून पडलेल्या सूर्यप्रकाशाच्या पट्ट्यात त्यांनी तापमापक ठेवले. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे कोणताच रंग दिसत नव्हता, तेथे ठेवलेल्या तापमापकाचा पाराही चढला.

अवकाशात दुर्बीण कशासाठी?

आकाशातून येणाऱ्या अवरक्त किरणांपैकी पुष्कळसे वातावरणातील बाष्प शोषून घेते. शिवाय जमीन, हवा आणि खुद्द दुर्बीण ही उबदार असल्याने स्वतःच हे किरण टाकीत असतात. भर दुपारी काजवा शोधावा तशी ही अडचण आहे. म्हणून १९८३ साली ‘आयरास’ ही अवरक्त दुर्बीण अवकाशात पाठविण्यात आली. अभिजित या तेजस्वी ताऱ्याभोवती धुळीचे कडे असल्याचे तिने दाखवून दिले.

२५ डिसेंबर २०२१ रोजी ‘जेम्स वेब’ ही दुर्बीण सोडण्यात आली. ती पृथ्वीपासून सुमारे १५ लक्ष किलोमीटर अंतरावर आहे. तिचा आरसा साडेसहा मीटर व्यासाचा असून तो सोन्याचा मुलामा दिलेल्या १८ षट्कोनी तुकड्यांचा बनविला आहे. सूर्याची उष्णता लागू नये म्हणून तिच्यावर पाच पदरी आच्छादन आहे. त्याच्या सावलीत उपकरणे शून्याखाली दोनशेहून अधिक अंश सेल्सिअस इतकी थंड राहतात.

पुण्यात लागलेला शोध

नाशिकहून पुण्यास जाताना नारायणगाव लागते. त्याजवळील खोडद येथे रेडिओ दुर्बिणीच्या मोठ्या तबकड्या उभ्या आहेत. ही दुर्बीण चालविणाऱ्या पुण्यातील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रात राशी जैन व योगेश वाडदेकर हे संशोधन करीत होते. जेम्स वेब दुर्बिणीने टिपलेली माहिती जगातील संशोधकांसाठी खुली असते. तीतील हजारो दीर्घिका तपासताना त्यांस एक सुडौल सर्पिल दीर्घिका आढळली. मध्यभागी तेजस्वी गाभा व दोन बाजूंस दोन वळणदार भुजा, अशी तिची रचना आहे. आपल्या आकाशगंगेस मंदाकिनी असेही म्हणतात. म्हणून तिच्या या भगिनीस हिमालयातील नदीवरून ‘अलकनंदा’ असे नाव दिले.

अलकनंदेचा व्यास सुमारे ३०,००० प्रकाशवर्षे आहे. तिचा प्रकाश १,२०० कोटींहून अधिक वर्षे प्रवास करून आला. तो निघाला तेव्हा विश्वाचे वय अवघे १५० कोटी वर्षे होते. सूर्य व पृथ्वी जन्मासही आले नव्हते. त्या बाल्यावस्थेत दीर्घिका ओबडधोबड असाव्यात, अशी शास्त्रज्ञांची साधारण समजूत होती. इतकी सुघड दीर्घिका इतक्या लवकर कशी घडली, हा प्रश्न या शोधाने पुढे आणला आहे.

हा प्रकाश अवरक्त का झाला, हे गणिताने समजावे. विश्व प्रसरण पावत असल्याने प्रवासात प्रकाशाच्या लहरी ताणल्या जातात. अलकनंदेच्या प्रकाशलहरी सुमारे पाचपट ताणल्या गेल्या. जांभळ्या प्रकाशाची लहर ०.४ मायक्रॉन लांबीची धरल्यास ती पाचपट होऊन २ मायक्रॉन होते. डोळ्यांस मात्र साधारण ०.७ मायक्रॉनपर्यंतचाच प्रकाश दिसतो. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.)

शिक्षकांनी घ्यावयाची दक्षता

अलकनंदा ही सर्वांत दूरची दीर्घिका आहे असे सांगू नये. तिच्याहूनही दूरच्या दीर्घिका सापडल्या आहेत. चित्रांतील रंग डोळ्यांना दिसणारे नसून मागाहून दिलेले असतात, हेही स्पष्ट करावे. तिच्या भुजा कशामुळे निर्माण झाल्या, हे अद्याप ठरावयाचे आहे. ‘हे अजून कळलेले नाही’ असे वर्गात मोकळेपणाने म्हणण्यास शिक्षकांनी संकोच मानू नये. पुढे उत्तर शोधणारा विद्यार्थी याच वाक्यापाशी थबकतो.

‘एवढी मोठी दुर्बीण आपल्याकडे कोठे आहे?’ असे एखादा विद्यार्थी अवश्य विचारील. पुण्यातील संशोधकांनीही ती दुर्बीण बांधली नव्हती. सर्वांस खुली असलेली माहिती त्यांनी चिकाटीने तपासली, हे त्यास सांगावे. लक्षपूर्वक पाहण्याची सवय लावण्यास खेड्यातील शाळेत कोणतीच अडचण नाही.

स्वाध्याय

१. पहिल्या प्रयोगात पुठ्ठ्याऐवजी काच धरल्यास काय होते ते पाहा व लिहा.
२. ०.५ मायक्रॉन लांबीची लहर पाचपट ताणल्यास किती लांबीची होईल? ती डोळ्यांस दिसेल काय?
३. सूर्यास्तानंतर अंगणातील दगड, माती व झाडाचे पान यांजवळ हात धरा. कोणाची ऊब अधिक वेळ टिकते, त्याची रोज नोंद ठेवा.