हृदयाला रक्त कोण पुरवतं?

प्रश्न : हृदय सतत रक्ताने भरलेलं असतं. मग त्याला वेगळ्या रक्तवाहिन्या कशाला लागतात? आणि छातीत दुखतं ते जिना चढतानाच का?

उत्तर : हृदयाची भिंत जाड असते. आतल्या पोकळीतलं रक्त तिच्या अगदी आतल्या पातळ थरापलीकडे पोहोचत नाही. म्हणून महाधमनीच्या मुळाशीच दोन करोनरी धमन्या फुटतात. विश्रांतीत त्यांतून मिनिटाला साधारण 250 मिलिलिटर रक्त वाहतं. डाव्या कप्प्याच्या भिंतीला त्यातलं बहुतेक रक्त मिळतं ते हृदय सैलावतं तेव्हा. आकुंचनात तिच्यातल्या वाहिन्या दाबल्या जातात.

इतर अवयव रक्तातला साधारण पाव ऑक्सिजन घेतात, हृदय मात्र विश्रांतीतही सुमारे 70 टक्के घेतं. त्यामुळे श्रम वाढले की रक्तप्रवाह वाढवणं हाच मुख्य मार्ग उरतो. तेव्हा हृदयाच्या पेशींतून अ‍ॅडेनोसिनसारखी द्रव्यं बाहेर पडतात, वाहिन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड. बारीक धमन्या रुंदावतात आणि प्रवाह चार-पाच पट होऊ शकतो.

मोठी धमनी अरुंद झाली, की या बारीक धमन्या विश्रांतीतच रुंदावून तूट भरून काढतात. जिना चढताना आणखी रुंदावायला वाव नसतो, म्हणून दुखतं. थांबल्यावर बरं वाटलं तरी अंगावर काढू नका, डॉक्टरांना दाखवा. दुखणं थांबतच नसेल, तर तातडीने रुग्णालय गाठा.