तिकिटाला मोठा, राईडला लहान

माझा मुलगा अनवाणी उभा राहिला की 138 सेंटिमीटर भरतो. हा आकडा आमच्या घरात आता कुणी विसरणार नाही. एका मोठ्या थीम पार्कने याच उंचीवर त्याचे मोठ्या माणसाचे पैसे घेतले आणि त्याच दुपारी ‘लहान आहे’ म्हणून त्याला परत पाठवलं.

पार्कच्या नियमाप्रमाणे साडेचार फुटांच्या वर गेलं की मोठ्यांचं तिकीट. साडेचार फूट म्हणजे 137 सेंटिमीटर. आणि ज्या रोलरकोस्टरचे व्हिडिओ पोरगा वार्षिक परीक्षेपासून बघत होता, तिथली पाटी 140 ची. या तीन सेंटिमीटरांच्या फटीत जी मुलं सापडतात, त्यांनी भरायचं पूर्ण आणि बसायचं झुकझुक गाडीत.

हे कळलं कधी? भर उन्हात तासभर रांगेत उभं राहून अगदी गेटाशी पोचल्यावर. रांगेच्या तोंडाशी पाटी का नव्हती, याचं उत्तर मला आजतागायत मिळालेलं नाही. गेटवरच्या मुलाने पट्टी लावली. “सॉरी मॅडम, सेफ्टी आहे.” सेफ्टीशी माझं भांडण नाही. सीटवरचा तो लोखंडी दांडा अंगाला नीट बसला नाही तर मूल निसटू शकतं, एवढं मलाही कळतं. मी विचारलं, “मग तिकिटाला हा मोठा कसा झाला?” तो म्हणाला, “तिकिटाचं डिपार्टमेंट वेगळं आहे.”

तिथे माझं डोकं फिरलं. चूक कुणाची झालेली नव्हती. व्यवस्थाच तशी होती.

मग ऑफिस. तिथले साहेब सतत हसत होते, त्याचा राग जास्त आला. ‘पॉलिसी’ हा शब्द त्यांनी किती वेळा वापरला ते मोजायचं राहून गेलं. रिफंड नाही, तिकिटातला फरक नाही, वर पोराला एक आइस्क्रीम आणि “पुढच्या वर्षी ये हं, तोपर्यंत उंची वाढेल.” आमचे हे “जाऊ दे ना, दिवस कशाला खराब करतेस” म्हणत बाजूला उभे. दिवस मी खराब केला होता का? सासूबाई मात्र माझ्या बाजूने बोलल्या. त्यांचंही जवळजवळ पूर्ण तिकीट होतं आणि दिवसभर त्या बाकावर आमच्या पिशव्या सांभाळत होत्या.

आता तुमच्यासाठी.

मुलांची उंची घरी मोजा, चपला काढून, सेंटिमीटरमध्ये. तिकिटाचा तक्ता आणि राईडचा तक्ता वेगवेगळ्या पानांवर असतात, एक फुटांत आणि दुसरा सेंटिमीटरमध्ये. एका फुटाचे साधारण साडेतीस सेंटिमीटर धरा, दोन्ही तक्ते जुळवा आणि स्क्रीनशॉट ठेवा.

निघण्याआधी फोन करून आज कुठल्या राईड बंद आहेत ते विचारा. तोंडी उत्तरावर थांबू नका, ईमेल मागा. आम्ही गेलो त्या दिवशी दोन मोठ्या राईड ‘मेंटेनन्स’साठी बंद होत्या, तिकीट मात्र पूर्ण.

वॉटर पार्कमध्ये नायलॉनचेच कपडे चालतात. सुती कपड्यांचे धागे पाण्याच्या फिल्टरमध्ये अडकतात, म्हणून हा नियम रास्त आहे. पण कपडे घरून न्या. तिथलं भाडं आणि डिपॉझिट परत घेण्याची रांग, दोन्ही नको.

बाहेरचं खाणं अडवलं तर फारसं काही करता येत नाही. चित्रपटगृहांना तसा अधिकार असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये मान्य केलं, पण प्रेक्षकांना पिण्याचं स्वच्छ पाणी फुकट द्या, असंही सांगितलं. तो निकाल चित्रपटगृहांचा. तरी पार्कातही पाण्याचा नळ कुठे आहे ते ठणकावून विचारा. बाटलीवर छापलेल्या किमतीपेक्षा जास्त घेतले तर बिल मागा. तक्रार वैधमापन विभागाकडे करता येते.

टोपी, सनस्क्रीन, लवकर निघणं, हे सगळे सांगतातच. मीही सांगते.

आणि गप्प बसू नका. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915. तिथे काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील लागत नाही आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षं. सेवेत त्रुटी असूनही पैसे परत करायला नकार देणं ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरू शकते. ‘नो रिफंड’ छापलं की विषय संपला, असं नसतं.

माझ्या ईमेलला ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’ असं छापील उत्तर आलं. साडेचार फूट आणि 140 सेंटिमीटर, दोन्ही नियम अजून जसेच्या तसे आहेत. तुमचं मूल त्या तीन सेंटिमीटरांत असेल तर यंदा जाऊ नका.